स्त्रीबीज दान करताना शरीरात काय घडतं? मुंबईत पहिल्यांदाच बीजदानाला जाणाऱ्या बाईसाठी

स्त्रीबीज दान करायला आलेली बाई पहिल्या भेटीत बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारते. खूप दुखेल का? आणि पुढे मला स्वतःला मूल होईल ना? आयव्हीएफ सेंटरच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या केंद्राच्या, समुपदेशनाच्या टेबलावर बसून मी ही उत्तरं कितीतरी जणींना दिली आहेत, आणि त्यात एक गोष्ट सतत जाणवत आली. सुई, भूल, पिकअप (म्हणजे शरीरातून बीजं काढणं) यांबद्दल सगळे बोलतात. पण पिकअपनंतरच्या आठवड्याबद्दल बाईला कुणी नीट सांगितलेलं नसतं, आणि खरी काळजी त्याच आठवड्यात घ्यायची असते. म्हणून इथे त्या आठवड्यावर जास्त लिहिलं आहे.

आधी त्या दोन प्रश्नांची उत्तरं. पिकअपच्या वेळी भूल दिलेली असते, त्यामुळे तेव्हा काही कळत नाही. नंतर एकदोन दिवस पाळीत दुखतं तसं ओटीपोटात दुखतं. आणि बीजं दिल्याने तुमचा साठा संपत नाही. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही बीजकोशांत (अंडाशयांत) मिळून साधारण १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत त्यांतली ३ ते ४ लाख उरतात. दर महिन्याला काही बीजं एकदम वाढायला लागतात, त्यांतलं सहसा एकच पूर्ण पिकून बाहेर पडतं आणि बाकीची आपोआप सुकून जातात. बीजदानासाठी दिली जाणारी इंजेक्शनं ही सुकून जाणारी बीजं वाढवतात. पुढच्या महिन्यांची बीजं ओढून आणत नाहीत. त्यामुळे पाळी लवकर बंद होईल ही भीती धरू नका. क्वचित जंतुसंसर्ग किंवा रक्तस्रावासारखी गुंतागुंत झाली आणि तिच्यावर वेळेत उपचार झाले नाहीत, तर मात्र पुढे त्रास होऊ शकतो. खालच्या बऱ्याच सूचना त्यासाठीच आहेत.

आधी कागद

लेख शरीराबद्दल आहे आणि मी सुरुवात कायद्याने करते आहे, कारण इथला कायदा थेट तुमच्या शरीराचं रक्षण करतो. २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार बीजदान करणाऱ्या बाईचं वय २३ ते ३५ च्या दरम्यान हवं. तिने आयुष्यात एकदाच बीजदान करायचं, आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. दान नोंदणीकृत एआरटी बँकेमार्फत होतं. आधार क्रमांकासह तुमची नोंद होते. ज्या जोडप्याला किंवा बाईला बीजं हवी आहेत, त्यांनी तुमच्या नावाने १२ महिन्यांचा आरोग्य विमा काढायचा असतो आणि बीजं काढल्यामुळे होणाऱ्या गुंतागुंतीचा खर्च त्यातून भागला पाहिजे. जन्मणाऱ्या बाळावर तुमचा पालक म्हणून हक्क राहत नाही आणि त्याची जबाबदारीही तुमच्यावर येत नाही. बहिणीसाठी बीजं दिलेल्या एका बाईच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेच स्पष्ट केलं.

बीजांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. तेव्हा 'जास्त बीजं निघाली तर जास्त पैसे' असं वस्तीतली ओळखीची बाई किंवा कुणी एजंट सांगत असेल, तर तिथूनच परत फिरा. जास्त बीजं म्हणजे औषधाचा जास्त डोस, आणि जास्त डोस म्हणजे तुमच्या पोटात पाणी भरण्याची जास्त शक्यता (या आजाराबद्दल पुढे लिहिलं आहे). दुसऱ्या बाईच्या आधारकार्डावर पुन्हा एकदा करू, असं कुणी सुचवलं तर तेही तितकंच घातक. तुमचा खरा वैद्यकीय इतिहास नसलेल्या फाइलवर तुम्हाला भूल दिली जाईल.

संमतीपत्र तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत मागा. मराठीत नसेल तर ओळ न् ओळ समजावून सांगायला लावा, घाईत सही करू नका. विम्याच्या कागदाची प्रत आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा डॉक्टरांचा किंवा सेंटरचा फोन नंबर, या दोन गोष्टी हातात आल्याशिवाय पहिलं इंजेक्शन घेऊ नका. सही केल्यानंतरही मन बदललं तर माघार घेता येते. तसं सांगताना अपराधी वाटून घेण्याचं काही कारण नाही.

तपासण्या

रक्त बरंच घेतात, तीनचार नळ्या भरतील. त्यातून एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, सिफिलिस, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड पाहतात. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही चाचणी होते. त्यात तुम्ही वाहक निघालात तर दान होणार नाही, पण ही माहिती तुमच्या स्वतःच्या मुलांसाठीही मोलाची आहे, रिपोर्ट जपून ठेवा. एएमएच नावाच्या चाचणीतून बीजकोशात किती बीजं आहेत याचा अंदाज येतो.

सोनोग्राफी खालून, म्हणजे योनीमार्गातून करतात. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पाळी चालू असताना कशी तपासणी करणार म्हणून अनेकजणी संकोचतात, पण नेमक्या त्याच दिवशी बीजकोशातल्या लहान पिशव्या, ज्यांत बीजं वाढतात, त्या मोजता येतात. जाण्याआधी लघवी करून या. बोटापेक्षा थोडी जाड, वर कंडोम चढवलेली नळी आत घालतात, दाब जाणवतो, दुखायला नको. दुखलं तर सांगा. तपासणीच्या वेळी एक बाई सोबत असावी हा तुमचा हक्क आहे.

पिशव्या खूप जास्त असतील, एएमएच जास्त असेल किंवा पीसीओडी (बीजकोशात खूप लहान पिशव्या आणि पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल, तर इंजेक्शनांना तुमचे बीजकोश जोरात प्रतिसाद देतील. सेंटरच्या दृष्टीने अशी डोनर 'चांगली' ठरते. तुमच्या दृष्टीने धोका तिथेच जास्त असतो. आपला आकडा विचारा, आणि तो जास्त असेल तर डोस कमी ठेवणार का हेही विचारा.

काही गोष्टी लाज न बाळगता सांगाव्यात. मिश्री लावत असाल, तंबाखू किंवा गुटखा खात असाल तर सांगा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असावं लागतं. दमा, फिट्स, पूर्वीचं सिझर, अपेंडिक्सचं ऑपरेशन, पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास, घरात कुणाला कमी वयात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर, सगळं सांगा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा तांबी बसवलेली असेल तर तेही. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या बायका विचारतात की आम्हाला देता येईल का. येतं. त्या ऑपरेशनमध्ये नळ्या बंद केलेल्या असतात, बीजकोश चालूच असतात आणि बीजं थेट तिथून घेतली जातात.

इंजेक्शनचे दिवस

पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून रोज एक इंजेक्शन सुरू होतं. ते ८ ते १२ दिवस चालतं. सुई बारीक आणि आखूड असते, बेंबीपासून दोन बोटं दूर पोटाची चरबी चिमटीत धरून द्यायची. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. पेनासारखं इंजेक्शन बहुतेकींना सहज जमतं. पावडर पाण्यात कालवून घ्यायचं इंजेक्शन थोडं चुरचुरतं. टोचल्या जागी हिरवं-निळं पडू शकतं, त्याने काही बिघडत नाही.

मधल्या दिवसांत, साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी, दुसरं इंजेक्शन जोडलं जातं. बीजं वेळेआधी फुटून जाऊ नयेत यासाठी ते असतं. त्याने टोचल्या जागी लालसर चट्टा येतो, खाज सुटते, तासा-दोन तासांत जाते. काही ठिकाणी या इंजेक्शनऐवजी गोळ्या देतात.

औषध घरी न्यायचं असेल तर ते फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं की बाहेर चालेल, हे प्रत्येक औषधाबद्दल वेगळं विचारून घ्या. परळहून विरार किंवा बदलापूरला जायचं म्हणजे दीड-दोन तास उन्हाळ्यातल्या लोकलमध्ये. बर्फाची पिशवी आणि थर्माकोलची डबी सेंटरकडून मागून घ्या. औषध बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलेलं औषध फुकट जातं. घरी फ्रिज नसेल किंवा हे सगळं घरात कळायला नको असेल, तर रोज सेंटरवर किंवा घराजवळच्या ओळखीच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यायची सोय करा. वेळ मात्र रोज साधारण एकच ठेवायची.

शरीरात काय जाणवेल? पहिले तीनचार दिवस फारसं काही नाही. नंतर ओटीपोट जड वाटू लागतं. बीजकोश एरवी तीनएक सेंटीमीटरचा असतो, आता त्यात अनेक पिशव्या एकदम वाढत असतात आणि त्यांतली प्रत्येक १८ ते २० मिलीमीटरपर्यंत जाते. सलवारची नाडी सैल बांधावी लागते, जीन्सचं बटण लागत नाही. छाती भरून आल्यासारखी दुखते. अंगावरून पांढरं, चिकट, पारदर्शक जायला लागतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन वाढल्याची ती खूण आहे, जंतुसंसर्गाची नव्हे. वास येत असेल किंवा खाज असेल तर दाखवा. डोकं दुखणं, झोप मोडणं, उगाच रडू येणं हेही होतं. घरातल्या माणसांना निदान इतकं सांगून ठेवा की या दिवसांत माझ्यावर चिडू नका.

दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी होते, कधी रक्तही तपासतात. प्रत्येक वेळी किती पिशव्या आणि किती मोठ्या हे विचारा. डायरीत लिहून ठेवलंत तर आणखी उत्तम.

या काळात काय टाळायचं याचं कारण समजलं की ते पाळणं सोपं जातं. फुगलेला, जड झालेला बीजकोश स्वतःभोवती पिळला जाऊ शकतो. मग त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तातडीने ऑपरेशन करावं लागतं. असं क्वचितच होतं, पण झटक्याने वळणं, उड्या, धावणं यांनी ती शक्यता वाढते. म्हणून जिम बंद. धावती लोकल पकडायला पळणं बंद. नवरात्र मध्ये येत असेल तर यंदा गरबा बसून पाहा. चाळीत तळमजल्यावरून पाण्याच्या कळशा वर न्यायच्या असतील तर ते काम दुसऱ्यावर सोपवा. सावकाश चालायला, स्वयंपाक करायला, बसून करायच्या नोकरीला हरकत नाही. धुणंभांडी करणाऱ्या बायकांनी शेवटचे चारपाच दिवस आणि पिकअपनंतरचा आठवडा सुट्टी मिळते का ते आधीच पाहून ठेवावं. गर्दीच्या वेळची लोकल शक्य तितकी टाळा. महिलांच्या डब्यात दारापाशी पोटावर कोपर बसणं आपल्यासाठी रोजचं आहे, पण या दिवसांत ते नको.

संबंधही नकोत. इंजेक्शन सुरू झाल्यापासून पिकअपनंतरची पाळी येईपर्यंत. यामागे एक कारण फुगलेल्या बीजकोशाला धक्का लागू नये हे आहे. दुसरं आणखी महत्त्वाचं. कायद्याने सातच बीजं काढायची आहेत आणि पिशव्या त्याहून जास्त वाढल्या असतील, तर उरलेली बीजं तुमच्या पोटातच राहतात. त्यांतली एखादी फुटली तर गर्भ राहू शकतो, कदाचित जुळंही. त्यावर या अवस्थेत गर्भ राहिला तर पोटात पाणी होण्याचा आजार फार वाढतो. नवऱ्याला हे कारण स्पष्ट शब्दांत सांगा.

ट्रिगर

पिशव्या पुरेशा वाढल्या की शेवटचं इंजेक्शन देतात. सगळे त्याला ट्रिगरच म्हणतात. ते बीजं पिकवतं आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांत बीजं काढायची असतात. बुधवारी सकाळी साडेनऊला पिकअप असेल तर सोमवारी रात्री दहाला ट्रिगर. इथे वेळेला फार किंमत आहे. लोकल बंद पडली, अर्धा तास उशीर झाला, तर लपवू नका, लगेच फोन करून खरी वेळ सांगा. पिकअप पुढे सरकवता येतो. चुकीची वेळ सांगितली तर बीजं फुटून गेलेली असतात किंवा कच्ची निघतात, आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते.

ट्रिगर दोन प्रकारचं असतं. एचसीजी हे जुनं. ते शरीरात बरेच दिवस टिकतं आणि बीजकोशांना चेतवत राहतं. दुसरं जीएनआरएच अ‍ॅगोनिस्ट प्रकारचं, ज्यात ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन येतं. त्याचा परिणाम लवकर ओसरतो आणि पोटात पाणी भरण्याचा धोका खूपच कमी होतो. डोनरच्या स्वतःच्या गर्भाशयात गर्भ ठेवायचा नसतो, त्यामुळे तिच्यासाठी हेच ट्रिगर योग्य. 'मला कोणतं ट्रिगर देणार?' हा एक प्रश्न तुम्ही नक्की विचारा. या संपूर्ण लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. उत्तर एचसीजी असेल तर का, हेही विचारा.

पिकअपचा दिवस

टेस्ट ट्यूब बेबीच्या सुरुवातीच्या काळात बीजं काढायला पोटाला छेद देऊन दुर्बीण घालत. आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तो तो काळ. आज छेद नाही, टाके नाहीत.

आदल्या रात्री हलकं जेवा, मग उपाशी राहायचं. इथे उपाशी म्हणजे चहा नाही, बिस्किट नाही, साबुदाण्याची खिचडी नाही. साधारण सहा ते आठ तास पोट रिकामं हवं, पाणी कधीपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतील. भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं. चुकून काही खाल्लं असेल तर सांगून टाका.

नेलपॉलिश काढून जा, बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्राला त्याचा अडथळा होतो. बोटांवर गडद मेंदीही त्या आठवड्यात नको. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, बांगड्या घरीच ठेवा किंवा सोबत येणाऱ्या माणसाकडे द्या. कुणीतरी सोबत हवंच. दिवसभर थांबेल असं.

आत गेल्यावर गाऊन, हाताला सलाईन, मग शिरेतून भूल. डोळा लागतो. डॉक्टर खालून सोनोग्राफीची नळी घालतात, तिच्याच बाजूने जाणारी लांब बारीक सुई योनीच्या भिंतीतून बीजकोशापर्यंत नेऊन एकेका पिशवीतलं पाणी ओढून घेतात. बीज त्या पाण्यात असतं. हे सगळं १५ ते ३० मिनिटांत आटोपतं. जागं झाल्यावर गुंगी, घसा कोरडा, क्वचित मळमळ, आणि ओटीपोटात कळा. दोन ते चार तास झोपवून ठेवतात. लघवी झाल्याशिवाय आणि रक्तदाब पाहिल्याशिवाय घरी निघू नका.

घरी जाताना लोकल नको. टॅक्सी किंवा रिक्षा करा, ते भाडं कोण देणार हे आधीच ठरवून घ्या. त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही, गॅसपाशी एकटीने उभं राहायचं नाही आणि कुठल्याही कागदावर सही करायची नाही. भुलेचा अंमल पूर्ण उतरायला २४ तास धरा. डिस्चार्ज कार्डावर किती बीजं काढली तो आकडा लिहून घ्या.

त्यानंतरचा आठवडा

पहिले एकदोन दिवस थोडं लाल किंवा तपकिरी अंगावरून जातं. पॅड वापरा, टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप नको. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेनसारख्या इतर पेनकिलर मनाने घेऊ नका. टब किंवा तलावात उतरू नका, अंघोळ नेहमीसारखी चालेल.

पोट मात्र लगेच उतरत नाही, हे बहुतेकींना कुणी सांगितलेलं नसतं. रिकाम्या झालेल्या पिशव्या परत थोड्या भरतात, बीजकोश काही दिवस सुजलेलेच राहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट पिकअपच्या दिवसापेक्षा जास्त फुगलेलं वाटू शकतं. त्यात इंजेक्शनांनी आतडी मंदावलेली असतात, बद्धकोष्ठ होतं. थोडं थोडं खा. डाळ, अंडी, दही, पनीर असं प्रथिनांचं खाणं ठेवा. नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा ओआरएस, ताक, नारळपाणी, मीठ घातलेलं लिंबू सरबत दिवसभर घोट घोट घ्या. वडापाव आणि तळलेलं थोडे दिवस बाजूला ठेवा, गॅसने पोट आणखी ताणतं.

आता त्या आजाराबद्दल. डॉक्टर त्याला ओएचएसएस म्हणतात, सेंटरमध्ये 'हायपर झालं' असंही ऐकू येईल. खूप चेतवलेल्या बीजकोशांमुळे शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. रक्तातलं पाणी बाहेर पडून पोटात साठतं, कधी छातीतही. एकीकडे पोट पाण्याने टम्म, दुसरीकडे रक्त घट्ट आणि लघवी कमी, अशी विचित्र अवस्था होते. रक्त घट्ट झालं की पायात गुठळी होऊ शकते. सौम्य प्रकार बऱ्याच जणींना होतो आणि विश्रांतीने जातो. गंभीर प्रकार क्वचित होतो, पण तो अंगावर काढण्यासारखा नाही. तो बहुधा ट्रिगरनंतर तीन ते सात दिवसांत दिसतो, म्हणजे तुम्ही घरी असताना, सेंटरला तुमची गरज संपलेली असताना.

म्हणून रोज सकाळी लघवीनंतर, एकाच काट्यावर, सारख्याच कपड्यांत वजन करा. घरी काटा नसेल तर जवळच्या मेडिकलमध्ये किंवा दवाखान्यात करा. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर टेपने किंवा नाडीला गाठ मारून मोजा. लघवी किती वेळा झाली, रंग कसा, इकडे लक्ष ठेवा. सार्वजनिक शौचालयाला जावं लागतं म्हणून पाणी कमी पिणं आपल्याकडे सर्रास चालतं. हा आठवडा तसं करू नका.

यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही, तेव्हाच फोन करा. एका दिवसात एक किलोपेक्षा जास्त वजन वाढलं. पोट ताणून चकाकायला लागलं. उलट्या थांबत नाहीत, पाणीसुद्धा टिकत नाही. लघवी खूप कमी झाली किंवा गडद झाली. आडवं झाल्यावर श्वास पुरत नाही. एका पायाच्या पोटरीत दुखतं, सूज येते. एका बाजूला अचानक असह्य कळ आणि सोबत उलटी. ताप १००.४ च्या वर. तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव. चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी.

फोन उचलला नाही तर थांबू नका. १०८ वर रुग्णवाहिका मागवा, किंवा जवळ पडेल त्याप्रमाणे केईएम, सायन, नायर, कूपर अशा मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. तिथे पहिल्याच वाक्यात सांगा, 'माझं अमुक तारखेला एग पिकअप झालंय.' हे लपवलंत तर डॉक्टर अपेंडिक्स, गॅस, मूतखडा शोधत बसतील आणि वेळ जाईल. घरच्यांपुढे बोलायचं नसेल तर डॉक्टरांना एकटीला भेटू द्या म्हणून सांगा. फाइल आणि विम्याचा कागद सोबत न्या. 'एवढ्याशा दुखण्यासाठी कशाला' म्हणत अंगावर काढायची सवय आपल्या आयांनी आणि आज्यांनी आपल्याला लावली आहे. या एका आठवड्यासाठी ती पूर्णपणे बाजूला ठेवा.

याच दिवसांत मनही खाली बसतं. हार्मोन एकदम उतरतात, त्यामुळे काही कारण नसताना दोनचार दिवस उदास वाटू शकतं. एखाद्या विश्वासाच्या माणसाशी बोला. पाळीनंतरही तसंच वाटत राहिलं तर समुपदेशकाची वेळ मागा, ती दानाच्या आधी मिळते तशी नंतरही मिळायला हवी.

पाळी आणि पुढे

पाळी पिकअपनंतर साधारण ५ ते १४ दिवसांत येते. अ‍ॅगोनिस्ट ट्रिगर असेल तर लवकर. ही पाळी जास्त जाऊ शकते, गाठी पडू शकतात. ती आली की बीजकोश आकसू लागतात, पोट हलकं होतं. पाळी संपल्यावर एक सोनोग्राफी करून बीजकोश पूर्ववत झाल्याची खात्री करून घ्या, आणि ती सेंटरनेच करून द्यावी असं सुरुवातीलाच लिहून घ्या. त्यानंतर जिम, धावणं, संबंध, सगळं सुरू करायला हरकत नाही. पुढची एखादी पाळी मागेपुढे झाली तर घाबरू नका. दोन महिने आलीच नाही तर तपासून घ्या.

बीजदानामुळे कॅन्सर होतो असा स्पष्ट संबंध आजवर आढळलेला नाही. पण डोनर बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारे अभ्यास थोडेच झाले आहेत, हेही खरं. त्यामुळे वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सगळे रिपोर्ट, औषधांची नावं आणि डोस, ट्रिगरचा प्रकार, काढलेल्या बीजांची संख्या हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. पुढे स्वतःच्या बाळंतपणासाठी किंवा दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेलात, तर भूल कशी मानवली आणि बीजकोशांनी कसा प्रतिसाद दिला हे तिथल्या डॉक्टरांना त्या फाइलमधून कळेल.